हाकेला ओ देण्याचा कायदा

इंग्लंडमध्ये एके काळी चोर दिसला की ओरडणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य होते, आणि ती ओरड ऐकूनही घरात बसून राहणाऱ्याला दंड होई. या रिवाजाला ‘हू अँड क्राय’ म्हणत. आज इंग्रजीत हे शब्द येतात ते कुणी एखाद्या गोष्टीवरून फार गिल्ला केला, उगाच बोंबाबोंब केली एवढ्याच अर्थाने, आणि त्यात बहुधा थोडी तुच्छताही असते. इतिहासाच्या पुस्तकांत हा रिवाज दोन-चार ओळींत आटोपतो: पोलीस नव्हते तेव्हा लोक ओरडून एकमेकांना बोलावत, पुढे पोलीस आले आणि ओरडण्याची गरज संपली. ही हकीकत खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. या कायद्याला दोन बाजू होत्या, एक ओरडणाऱ्याची आणि दुसरी ऐकणाऱ्याची. दोघेही सारखेच बांधलेले होते आणि त्यातच या कायद्याचा न्याय होता. काळाच्या ओघात ऐकणाऱ्याची बाजू एकेका कलमाने मोकळी होत गेली. ओरडणाऱ्याकडून, त्यातही ओरडणाऱ्या स्त्रीकडून असलेली अपेक्षा मात्र तशीच राहिली आणि इंग्रजी कायद्याबरोबर प्रवास करत थेट आपल्या चंद्रपूरच्या मुलखापर्यंत येऊन पोचली.

हा रिवाज नॉर्मन विजयाच्याही आधीचा आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात नूट राजाने केलेल्या कायद्यात दोन तरतुदी शेजारी शेजारी सापडतात. चोर समोर आला असता जो ओरड न करता त्याला जाऊ देईल त्याला भरपाई द्यावी लागेल, आणि जो ओरड ऐकूनही दुर्लक्ष करील त्याने राजाची आज्ञा मोडली असे समजून त्याच्याकडून दंड घेतला जाईल. पुढे १२८५ मध्ये पहिल्या एडवर्डने विंचेस्टरचा कायदा केला तेव्हा या जुन्या रिवाजाला पक्की चौकट मिळाली. शहराच्या वेशी सूर्यास्ताला बंद करून सूर्योदयाला उघडायच्या. उन्हाळ्याच्या महिन्यांत रात्रभर गस्त घालायची, त्यासाठी शहराच्या प्रत्येक वेशीवर ६ माणसे, मध्यम गावात १२, खेड्यात ४ किंवा ६. अनोळखी माणूस रात्री आढळला तर त्याला सकाळपर्यंत अडकवून ठेवायचे, तो पळाला तर ओरड करून त्याच्या मागे लागायचे. १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे हत्यार बाळगायचे. बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झुडपे तोडायची, म्हणजे आडोशाला कुणी दबा धरून बसणार नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कडक अट होती: दरोडा पडला आणि ठरलेल्या मुदतीत दरोडेखोर हजर केला गेला नाही, तर लुटल्या गेलेल्या माणसाची नुकसानभरपाई त्या ‘हंड्रेड’ने, म्हणजे आपल्या परगण्यासारख्या त्या विभागातल्या सगळ्या रहिवाशांनी मिळून द्यायची.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालीचे वर्णन आहे. चोरी झाली की रखवालदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावच्या रखवालदाराची. माग लागलाच नाही तर गेलेल्या मालाची किंमत रखवालदाराने ऐपतीप्रमाणे भरायची आणि उरलेली रक्कम गावावर बसायची. दोन दूरच्या देशांना एकच युक्ती सुचली, पण त्यात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे पहिला भार रामोशी, महार, मांग, भिल्ल अशा जातींवर पडला, त्यांच्या वतनाचा तो भाग झाला आणि बाकीचा गाव रात्री निवांत झोपला. विंचेस्टरच्या कायद्याने हे काम एखाद्या समाजाच्या माथी मारले नाही. जमीनदार असो की मजूर, ओरड कानावर आली की उठायचे. मध्ययुगीन इंग्लंड समतेचा देश मुळीच नव्हता. म्हणूनच ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

प्रत्यक्षात हे कसे चाले ते कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदवह्यांत दिसते. कॉरोनरचे पद इंग्लंडमध्ये ११९४ मध्ये निर्माण झाले. (मुंबईने ते इंग्रजांकडून घेतले आणि १९९९ पर्यंत टिकवले.) एखाद्याला सकाळी शेताच्या कडेला, चरात किंवा ओढ्यात प्रेत दिसले की कायद्याच्या भाषेत तो ‘पहिला शोधणारा’ होई. त्याने तिथल्या तिथे ओरडायचे. बहुधा ‘आउट! आउट!’ अशी ही ओरड असे, आणि जवळ शिंग असेल तर तेही फुंकायचे. ओरड ऐकून सर्वांत जवळच्या घरांतली माणसे यायची, त्यांनी पुढच्या वस्तीला कळवायचे. प्रेत हलवायचे नाही. कॉरोनर येई, आसपासच्या खेड्यांतली माणसे बोलावून चौकशी करी आणि लिहून ठेवी: प्रेत पहिल्यांदा कोणाला दिसले, त्याने ओरड केली का, त्याला जामीन कोण, चार बाजूंचे चार शेजारी कोण. ओरड केली नसेल तर त्याच्या नावापुढे दंड लागे आणि त्याच्यावर संशयही येई. शेजारी आले नसतील तर त्यांनाही दंड, आणि गावाने पाठलाग केला नसेल तर साऱ्या गावाला. मुडदा एकाचा असला तरी त्याचा हिशेब सगळ्या वस्तीला द्यावा लागे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ‘पहिल्या शोधणाऱ्याने ओरड केली’ हे वाक्य त्या नोंदवह्यांत इतक्या वेळा, इतक्या ठरीव शब्दांत येते की ते कारकुनाच्या हाताचे वळण वाटते. आपल्या पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीतही ‘आरडाओरडा केला असता आजूबाजूचे लोक जमा झाले’ हे वाक्य असेच येते. मग लोक खरोखर ओरडत होते हे कशावरून मानायचे? या आक्षेपाला उत्तर कॉरोनरच्या वह्यांत सापडत नाही. ते सापडते खालच्या, जमीनदारांच्या गावठी न्यायालयांच्या दफ्तरात. तिथे ओरडीचे खटले खून-दरोड्यांचे नसून रोजच्या भांडणांचे आहेत: शेजाऱ्याने मारले, कुणी कुंपण तोडले, कुणी घरात घुसला. प्रत्येक वेळी न्यायालय विचारते की ओरड योग्य कारणाने केली की विनाकारण. योग्य असेल तर ज्याच्याविरुद्ध ओरड झाली त्याला दंड, विनाकारण असेल तर ओरडणाऱ्याला. हे नुसते वळण असते तर कारकुनाला दोन रकाने लागले नसते. ओरड फुकट गेली तर पैसे मोजावे लागत होते, म्हणजे लोक ती खरोखर करत होते आणि गाव तिचा निवाडा करत होता.

याच दफ्तरांत स्त्रिया वारंवार ओरड करताना दिसतात. स्त्रीला पंचांत जागा नव्हती, गस्तीचे काम नव्हते, हत्यार बाळगायची सक्ती नव्हती. फौजदारी दावा उभा करण्याचे तिचे हक्कही अगदी मोजके होते. पण ती ओरडू शकत होती, आणि तिची ओरड ऐकून धावणे पुरुषांना बंधनकारक होते. नवऱ्याशिवाय किंवा बापाशिवाय कायद्याला हलवण्याचे हे जवळजवळ एवढेच साधन तिच्या हाती होते आणि ते तिने वापरले. चौसर या कवीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या कोंबडा आणि कोल्ह्याच्या गोष्टीत कोल्हा कोंबडा पळवतो तेव्हा पहिली ओरड करणाऱ्या एक गरीब विधवा आणि तिच्या दोन मुली आहेत, आणि सारी वस्ती, कुत्री, गाई, डुकरे त्यांच्या मागे धावतात. गोष्ट विनोदी आहे, पण तो विनोद कळायला ऐकणाऱ्याला हा कायदा पाठ असावा लागतो.

तरीही या रिवाजाचे सोवळे चित्र काढता येत नाही. ओरडीमागे धावणारा जमाव आणि न्याय यांच्यात फार थोडे अंतर होते. ताज्या पाठलागात चोर मालासकट सापडला तर त्याला बचावाचा एक शब्दही बोलू न देता फाशी देण्याची किंवा त्याचे डोके उडवण्याची पद्धत होती, कारण गावाने त्याला पाहिले, गावाने ओरड ऐकली, मग पुरावा आणखी कसला हवा! यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावाने हा अधिकार १६५० पर्यंत वापरला. साडेतेरा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीचा माल सापडला तर शिरच्छेद, आणि त्यासाठी गावाचे स्वतःचे यंत्र होते. परका माणूस, भटका, मुकी व्यक्ती, भाषा न येणारा यांच्यावर ओरड उठली तर त्यांची गत काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले, तेव्हा ओरडीच्या या रूपाचे दर्शन पुन्हा घडलेच. त्यामुळे ओरडीवर चालणारी शिक्षा गेली हे चांगलेच झाले. माझा मुद्दा शिक्षेचा नाही, मदतीचा आहे, आणि या दोन गोष्टी जुन्या कायद्यात एकत्र बांधलेल्या असल्या तरी त्या सोडवता येण्याजोग्या होत्या.

त्या सोडवल्या गेल्या नाहीत. झाले ते असे की ऐकणाऱ्याचा भार हळूहळू पैशात आणि मग कागदात बदलला. १५८५ च्या कायद्याने पाठलाग घोड्यावरून आणि पायी अशा दोन्ही प्रकारे केल्याशिवाय तो पुरा मानू नये असे ठरवले, कारण लोक दोन पावले चालून परत फिरत होते. ज्या हंड्रेडच्या हद्दीत पाठलाग थंडावला त्याच्यावर अर्ध्या भरपाईचा बोजा टाकला. लुटल्या गेलेल्यावरही अटी वाढल्या: जवळच्या गावाला लगोलग कळवा, न्यायाधीशापुढे शपथेवर जबाब द्या, वर्षाच्या आत दावा लावा. १७३५ मध्ये तर ‘लंडन गॅझेट’मध्ये जाहिरात देण्याची अट आली, आणि ओरड पुढे न नेणाऱ्या कॉन्स्टेबलला ५ पौंड दंड ठरला. आता ओरडायचे ते वर्तमानपत्रात. लंडनच्या बो स्ट्रीटवरचा अंध न्यायाधीश जॉन फील्डिंग याने १७७० च्या दशकात फरारी गुन्हेगारांची वर्णने छापून देशभर पाठवायला सुरुवात केली. त्याच परंपरेतल्या पत्राचे नाव पुढे ‘हू अँड क्राय’ असे पडले आणि १८२८ पासून ते ‘पोलीस गॅझेट’ झाले. आपल्या काही राज्यांतले पोलीस बेपत्ता माणसांसाठी आजही ‘हू अँड क्राय नोटीस’ काढतात ती याच वंशातली. १८२७ मध्ये विंचेस्टरचा कायदा रद्द झाला, आणि दोनच वर्षांनी लंडनमध्ये पगारी पोलीस उभे राहिले.

पोलीस आले हे उत्तमच झाले, आणि त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण या घटनाक्रमात काय उरले आणि काय गेले ते बारकाईने पाहावे लागते. मालमत्तेची भरपाई उरली: दंगलीत झालेले नुकसान स्थानिक पोलीस निधीतून भरून द्यावे असा कायदा १८८६ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये तो नव्या रूपात पुन्हा केला गेला. हंड्रेडची ती जुनी जबाबदारी दुकानदाराच्या फुटलेल्या काचेसाठी आजही जिवंत आहे. देशाची ओरड ऐकून गुन्हेगार पकडायला प्रत्येकाने सज्ज असावे हे शब्द १८८७ च्या शेरिफांसंबंधीच्या कायद्यात होते, तेही १९६७ मध्ये काढले गेले. ऐकणारा पुरता मोकळा झाला. मग ओरडणाऱ्याचे काय झाले?

त्यासाठी पुन्हा बाराव्या शतकात जावे लागते. ११८८ च्या सुमाराचा ग्लॅनव्हिलच्या नावावरचा ग्रंथ सांगतो की बलात्कार झालेल्या स्त्रीने लगेच जवळच्या गावी जाऊन तिथल्या भल्या माणसांना जखमा, रक्त, फाटलेले कपडे दाखवावेत, मग हंड्रेडच्या अधिकाऱ्यापुढे, मग न्यायालयात. तेराव्या शतकात ब्रॅक्टन या विधिज्ञाने हेच पुन्हा मांडले. दावा लावणाऱ्या स्त्रीला ‘मी ओरड केली’ असे म्हणावेच लागे, नाहीतर दावा बुडे. त्या काळातही ही अट क्रूर होती. पण निदान तिला एक जोड होती: ज्या गावाकडे ती धावत जाई त्या गावाला तिचे ऐकणे भाग होते. सतराव्या शतकात मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने बलात्काराच्या साक्षीचे निकष लिहिले तेव्हा ही जोड ढिली झाली होती. जिथे ओरड ऐकू गेली असती अशा जागी स्त्री ओरडली नसेल, किंवा तिने बराच काळ गुन्हा लपवला असेल, तर तिची साक्ष खोटी असल्याचा जोरदार समज होतो, असे त्याने म्हटले. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या विधिज्ञाने हेलचा हवाला देऊन तेच इंग्रजी कायद्यावरच्या आपल्या भाष्यात घेतले, आणि ते भाष्य साम्राज्यातल्या वकिलांच्या पिढ्यांनी अभ्यासले. म्हणजे मध्ययुगातली गावाला उठवण्याची कृती आता स्त्रीच्या खरेपणाची कसोटी झाली होती. उठण्याचे गावाचे बंधन मात्र नावापुरतेच उरले होते.

मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा जो खटला उभा राहिला, तो या सगळ्या इतिहासाचा सर्वांत जवळचा पुरावा आहे. ती नातलगांबरोबर रात्री ठाण्यात आली होती. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले, तिला आत थांबवले, दिवे गेले, दार बंद झाले. बाहेर थांबलेल्यांनी हाका मारल्या, गर्दी जमली. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे असे म्हणून त्यांना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, पोलिसाने हात धरला तेव्हा तिने जवळच्या नातलगांना हाक मारली नाही, आणि ती ओरडल्याचे सांगते ते खोटे आहे, ही कारणे त्यात होती. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे अशी तरतूद आली. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही हे कलमात स्पष्टपणे लिहायला २०१३ उजाडले.

ओरड झाली की नाही हा पुराव्याचा साधा प्रश्न आहे, तो विचारण्यात अन्याय काय, असे विधिज्ञ म्हणू शकतील. शेजाऱ्याने ओरड ऐकली असेल तर ती साक्ष मोलाची आहेच, ती कुणी टाकून द्यावी असे नाही. अडचण उलट दिशेच्या तर्कात आहे. ओरड ऐकू आली म्हणून गुन्हा घडला असावा हे म्हणणे ठीक. ओरड नाही म्हणून गुन्हा नाही हे म्हणायचे तर आधी दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: भीतीने गोठलेल्या माणसाला ओरडता येते, आणि ओरडल्यावर कुणीतरी येते. पहिली गोष्ट खरी नाही, हे भयाचा अनुभव घेतलेला कोणीही सांगेल. दुसरी तेराव्या शतकात निदान कायद्याने खरी होती. देसाईगंजच्या ठाण्यात ज्यांनी हाकेला धावायचे तेच आरोपी होते. तिने हाक मारायची ती कुणाला?

उरतो तो शेवटचा आक्षेप, की अनोळखी माणसाच्या मदतीला धावण्याची सक्ती आधुनिक कायद्यात बसत नाही, व्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते. इंग्रजी कायदा हेच मानतो, आणि आपलाही बव्हंशी त्याच्याच मागून गेला आहे: पोलिसाने मागितली तर मदत करणे बंधनकारक, काही गुन्ह्यांची खबर देणे बंधनकारक, पण रस्त्यावरच्या हाकेला ओ दिली नाही तर शिक्षा नाही. पण फ्रान्समध्ये स्वतःला धोका नसताना संकटात असलेल्याला मदत न करणे हा गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीतही तसे कलम आहे. या देशांतले नागरिक गुलाम झालेले नाहीत. मदतीची ती सक्ती जमावाच्या शिक्षेपासून वेगळी ठेवता येते, हे त्यांनी करून दाखवले आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले. त्यामुळे जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला आता पोलीस त्याच्या मर्जीविरुद्ध नाव सांगायला लावू शकत नाहीत. हे संरक्षण रस्त्यावरच्या अपघातापुरते आहे. भिंतीपलीकडून किंकाळी ऐकून दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्याला ते मिळत नाही, आणि दार न ठोठावणाऱ्याला कोणत्याही न्यायालयात कोणी जाब विचारत नाही.